‘लांछन’ लिहावे की ‘राजचिन्ह’? ध्वज आणि राजचिन्हांच्या वर्णनासाठी मराठी शब्द हवे आहेत

प्रश्न : वाचनालय कार्यकर्ता, खानापूर तालुका

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात २६ जानेवारीच्या निमित्ताने ध्वज आणि राजचिन्हे या विषयावर एक लहानसे प्रदर्शन लावायचे ठरले असून फलकांवरचा मराठी मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हाताशी असलेली माहिती काही कन्नडमध्ये आहे आणि काही इंग्रजीत. दोन्हीकडचा अर्थ कळतो, पण मराठीत उतरवायला बसलो की शब्दाशब्दाला अडतो.

पहिल्याच फलकावर घोटाळा झाला. कर्नाटक राज्याच्या चिन्हाला कन्नडमध्ये ‘लांछन’ म्हणतात आणि तो तेथे पूर्ण मानाचा शब्द आहे. मी तोच मराठीत ठेवला. कच्चा फलक वाचून आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “राज्याला लांछन कसले लागले?” त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण आपल्या बोलण्यात लांछन लागते ते कुळाला किंवा चारित्र्याला. आपल्या भागात दोन भाषा शेजारी शेजारी नांदतात, तेव्हा असा एक चुकलेला शब्द कोणाच्याही मनाला लागू शकतो, याची मला विशेष काळजी वाटते.

याशिवाय आणखी तीन ठिकाणी अडलो आहे. ध्वजाची काठीला बांधलेली बाजू आणि वाऱ्यावर उडणारी बाजू यांना नेमके काय म्हणावे? ध्वजाच्या वरच्या कोपऱ्यातील चौकोनाला इंग्रजीत ‘कँटन’ म्हणतात, त्याला आपला शब्द आहे का? आणि राजचिन्हाच्या ‘उजव्या’ बाजूला अमुक प्राणी आहे असे वाचताना तो उजवा कोणाचा समजायचा, पाहणाऱ्याचा की चिन्हाचा? पाचवी ते सातवीची मुले हे फलक वाचणार आहेत. म्हणून शब्द अचूक तर हवेतच, शिवाय तोंडात बसणारेही हवेत.

उत्तर १ : ताम्रपट

आपण ज्या शब्दावर अडलात तो शब्द आपल्याच मातीत कोरलेला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सौंदत्तीचे रट्ट हे जुने राजघराणे पुढे वेणुग्रामातून, म्हणजे आजच्या बेळगावातून, राज्य करू लागले. त्यांच्या कोरीव लेखांत राजाच्या नावाआधी बिरुदांची लांबलचक माळ येते. तीत ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ असे म्हणून मूळ गावाचा, म्हणजे लातूरचा, मान सांगितलेला असतो आणि त्याच माळेत ‘सुवर्णगरुडध्वज’ आणि ‘सिंधुरलांछन’ ही दोन बिरुदे येतात. सिंधुर म्हणजे हत्ती. शेंदराशी त्याची गल्लत होऊ देऊ नये. याचा अर्थ असा, की रट्टांच्या निशाणावर सोन्याचा गरुड होता आणि त्यांचे लांछन मात्र हत्ती होते. आपल्या तालुक्यातील हलशीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या गोव्याच्या कदंबांकडेही हीच रीत दिसते. त्यांचे लांछन सिंह, आणि ध्वजावर वानर. बदामीच्या चालुक्यांचे लांछन वराह होते, हे तर पुष्कळांना ठाऊक असते.

या जोड्यांतून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. लांछन आणि ध्वज या त्या काळी दोन वेगळ्या वस्तू होत्या, त्यांवरील चिन्हेही वेगळी असत आणि म्हणूनच त्यांना दोन वेगळे शब्द होते. लांछन उमटे ते मुद्रेवर, ताम्रपटाच्या कडीवर आणि नाण्यावर. ध्वज चाले तो सैन्यापुढे, काठीवर. युरोपात मात्र सरदाराच्या ढालीवर जे चित्र असे तेच त्याच्या निशाणावर आणि अंगरख्यावरही असे. इंग्रजीवरून मजकूर उतरवताना हा फरक सहज निसटतो आणि ‘कदंबांच्या ध्वजावर सिंह होता’ असे वाक्य फलकावर जाऊन बसते. ते चूक आहे.

आता मराठीतील अर्थाविषयी. ‘लांछन’ म्हणजे मुळात खूण. चंद्रावरचा डाग हीसुद्धा एक खूण, म्हणून चंद्राला मृगलांछन, शशलांछन अशी नावे पडली आणि त्या डागावरून शब्द हळूहळू कलंकाकडे झुकला. कन्नडने खुणेचा अर्थ जपला आणि मराठीने डागाचा. मराठीतूनही जुना अर्थ अगदीच गेलेला नाही. आपल्याकडच्या जैन घरांत कोणालाही विचारा, तीर्थंकरांची लांछने ते सांगतील : आदिनाथांचा बैल, पार्श्वनाथांचा सर्प, महावीरांचा सिंह. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, नेमिनाथ आहेत आणि त्यांचे लांछन शंख. ही बसदी रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ मध्ये बांधली. मुलांना बसदी दाखवायला नेलेत, तर हा शब्द त्याच्या जुन्या मानासह तिथेच समजावता येईल.

म्हणून माझे मत असे : आजच्या राज्याच्या किंवा देशाच्या चिन्हासाठी ‘राजचिन्ह’ लिहावे. कदंब, रट्ट, चालुक्य यांच्या फलकांवर ‘लांछन’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तेथे अर्थ द्यावा. पुष्कळ जण सारनाथच्या सिंहांना ‘राजमुद्रा’ म्हणतात. त्यात राग धरण्यासारखे काही नाही, पण मुद्रा म्हणजे ठसा. शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा ही खरी मुद्रा. तिच्यावर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ हा श्लोक आहे, प्राण्याचे चित्र नाही. प्रदर्शनात दोन्ही गोष्टी शेजारी येणार असतील, तर शब्द वेगळे ठेवलेलेच बरे.

उत्तर २ : शिवणकाम, शहापूर

मी गेली पुष्कळ वर्षे शिवजयंतीसाठी, गणेशोत्सवासाठी आणि यात्रांसाठी झेंडे शिवतो. पुस्तकी शब्द मला फारसे ठाऊक नाहीत, परंतु आमच्या मशीनवर जे शब्द चालतात ते सांगतो.

झेंड्याच्या चार कडांपैकी काठीकडच्या कडेला आम्ही ‘काठीची बाजू’ म्हणतो आणि समोरच्या मोकळ्या कडेला ‘वाऱ्याची बाजू’. काठीच्या बाजूला कापड दुमडून दोरी किंवा काठी जाण्यासाठी जी पोकळ पट्टी शिवतात तो ‘नेफा’. पायजम्याला असतो तोच शब्द. दोरी वर खाली फिरते ती ‘कप्पी’वरून. झेंडा फाटायला लागतो तो नेहमी वाऱ्याच्या बाजूने, म्हणून तिथे आम्ही दुहेरी शिलाई मारतो. मुलांना हे सांगितले तर त्या बाजूचे नाव ती विसरणार नाहीत.

लांबी-रुंदीविषयी मात्र जपून लिहा, कारण त्यात मी स्वतः फसलो आहे. एका मंडळाने दोन टोकांच्या भगव्या झेंड्याची मागणी चिठ्ठीवर दिली होती : लांबी सहा फूट, रुंदी चार फूट. त्यांच्या मनात लांबी म्हणजे काठीवर किती येणार हे माप होते आणि माझ्या मनात लांबी म्हणजे वाऱ्याकडे किती जाणार हे. मी नेफा चार फुटांच्या कडेला घातला, टोके त्याच्या समोरच्या कडेला कापली आणि मिरवणुकीच्या आदल्या रात्री झेंडा काठीवर चढवल्यावर चूक कळली. टोके एकदा कापल्यावर कापड पुन्हा जोडता येत नाही. रात्रभर बसून दुसरा शिवला. तेव्हापासून मी लांबी आणि रुंदी हे शब्द ऐकूनच घेत नाही. काठीची बाजू किती आणि वाऱ्याची बाजू किती, एवढेच विचारतो. कापडाचा ‘पन्हा’ ही आणखी तिसरी गोष्ट आहे. तो थानाचा असतो, झेंड्याचा नव्हे.

राष्ट्रध्वजाचे प्रमाण तीनास दोन असते, त्यात तीन ही वाऱ्याकडे जाणारी लांबी आणि दोन ही काठीवरची उंची. ठरलेल्या मापांपैकी सर्वांत मोठा ध्वज ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचा आणि सर्वांत लहान १५० बाय १०० मिलिमीटरचा. मोजून पाहिलेत तर सगळीकडे तेच तीनास दोन निघेल. इंग्रजी पुस्तकांत पुष्कळदा काठीची बाजू आधी लिहितात, त्यामुळे तोच ध्वज तिथे ‘दोनास तीन’ होतो. उतरवताना आकड्यांची अदलाबदल होणार नाही याकडे लक्ष द्यावे.

आणखी एक विनंती. राष्ट्रध्वजाच्या वरच्या पट्ट्याला ‘भगवा’ लिहू नका, ‘केशरी’ लिहा. दोन्ही ताग्यांचे रंग माझ्या दुकानात शेजारी असतात आणि ते वेगळे दिसतात. हुबळीजवळच्या बेंगेरीत राष्ट्रध्वज तयार होतात आणि धारवाडजवळचे गरग गावही ध्वजाच्या खादीसाठी ओळखले जाते. दोन्ही ठिकाणे आपल्याला फार लांब नाहीत, एका फलकावर त्यांची नावे आली तर मला आनंद होईल.

उत्तर ३ : निवृत्त सुभेदार

थोडक्यात लिहितो. सैन्यात पलटणीच्या मानाच्या ध्वजाला ‘निशान’ म्हणतात. राष्ट्रपतींच्या हस्ते मिळते ते ‘राष्ट्रपती निशान’ आणि संचलनात ते घेऊन चालणारी तुकडी ती ‘निशान टोळी’. हे निशाण इमारतीवर फडकत नाही, एक अधिकारी ते हातात धरून चालतो. म्हणून फलकावर त्याला ‘झेंडा’ लिहू नये, ‘निशाण’ लिहावे. मराठीत निशाणी म्हणजे खूण आणि निशाण म्हणजे ध्वज, हे नाते मला नेहमीच फार अर्थपूर्ण वाटत आले आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तेव्हा मुलांनी बिगुलाचे चिन्ह पाहिलेले असेलच. बिगुल ही लाइट इन्फंट्रीची जुनी खूण, हेही जाता जाता लिहावे.

‘ध्वजस्तंभ’ आणि ‘ध्वजकाठी’ यांतही फरक ठेवावा. जमिनीत कायम रोवलेला तो स्तंभ, जसा बेळगावच्या किल्ला तलावाजवळचा ११० मीटर उंचीचा. हातात धरून नेता येते ती काठी.

उत्तर ४ : मूर्तिशास्त्राची विद्यार्थिनी

उजव्या-डाव्याचा प्रश्न आपल्या घरातच सुटलेला आहे. उजव्या सोंडेचा गणपती आपण कोणाला म्हणतो? ज्याची सोंड त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताकडे वळलेली असते त्याला. समोर उभ्या असलेल्या भक्ताला ती डावीकडे दिसते. मूर्तींचे वर्णन करताना विष्णूच्या उजव्या हातात काय आहे ते आपण देवाच्या बाजूनेच सांगतो. युरोपातील राजचिन्हांच्या वर्णनाचा नियमही अगदी हाच आहे : ढाल धरणाऱ्याचा उजवा तोच चिन्हाचा उजवा. ध्वजाचे मात्र तसे नाही. ध्वजाच्या चित्रात काठी पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला काढण्याची प्रथा आहे, आणि खरा ध्वज तर वारा फिरला की उलट बाजूनेही दिसतो. तेथे उजवा-डावा हे शब्द टाकून, शहापूरच्या दादांनी सांगितलेले ‘काठीची बाजू’ आणि ‘वाऱ्याची बाजू’ हेच शब्द वापरावेत. माझ्या मते ते कोणत्याही बनवलेल्या संस्कृत शब्दापेक्षा सरस आहेत.

‘कँटन’साठी ‘काठीकडचा वरचा कोपरा’ एवढे पुरते. (त्या शब्दाचा मूळ अर्थही कोपरा असाच आहे आणि आपण ज्याला कॅम्प म्हणतो त्या कँटोन्मेंटचे नावही त्याच मुळाचे.) उदाहरण म्हणून नौदलाचा ध्वज घ्यावा. २ सप्टेंबर २०२२ रोजी त्यातील तांबडा क्रूस काढण्यात आला. आता पांढऱ्या ध्वजपटावर काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात राष्ट्रध्वज आहे आणि वाऱ्याच्या बाजूला निळा अष्टकोन असून त्याला सोनेरी दुहेरी काठ आहे. अष्टकोनाची प्रेरणा शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेची. ताम्रपट यांनी सांगितलेला मुद्रा आणि ध्वज यांतला फरक इथे एकाच कापडावर दाखवता येईल.

राजचिन्हाच्या भागांसाठी मी पुढील शब्द वापरते. मधली ती ढाल. ढालीवर जे काढलेले असते ते ढालीवरचे चिन्ह. ढालीच्या माथ्यावर, शिरस्त्राणाच्या जागी बसवलेले चिन्ह म्हणजे तुरा, कारण इंग्रजीतील शब्दही कोंबड्याच्या तुऱ्याचाच आहे. इंग्रजीत तो शब्द सैलपणे पूर्ण चिन्हाला लावतात, ती चूक मराठीत आणू नये. खालचे वाक्य म्हणजे ब्रीद. ‘बिरुद’ या शब्दाचेच हे घरगुती रूप, त्यामुळे रट्टांच्या बिरुदांशी त्याचे नाते आपोआप जुळते. दोन्ही बाजूंनी ढाल सावरणाऱ्या प्राण्यांसाठी मला एकही चपखल शब्द सापडलेला नाही. ‘ढाल सावरणारे प्राणी’ असेच सरळ लिहावे.

‘ढाल’ शब्दाबाबत एक सावधगिरी सुचवते. जुन्या मराठीत सैन्याच्या मोठ्या निशाणालाही ‘ढाल’ म्हणत आणि ते निशाण वाहणारा हत्ती तो ‘ढालगज’. मराठ्यांच्या इतिहासावरील फलकात ‘ढाल पुढे चालली’ असे आले, तर मुलांच्या डोळ्यांपुढे गेंड्याच्या कातड्याची ढाल येईल. तेथे जरीपटका किंवा निशाण लिहावे.

शेवटी शरभाविषयी. कर्नाटकाच्या राजचिन्हातील दोन प्राण्यांना शरभ म्हणतात. आपल्या मुलांनी मात्र किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ पाहिलेले असतात आणि ते वाघ-सिंहासारख्या तोंडाचे असतात. राजचिन्हातील प्राण्याचे अंग सिंहाचे आणि मुख हत्तीचे आहे. देवळांच्या शिल्पात अशा प्राण्याला गजव्याल म्हणतात. नाव शरभच ठेवावे, पण रूप शब्दांत सांगावे. आणि ‘उभा सिंह’ असे कधीच लिहू नये, कारण चार पायांवर उभा आणि मागच्या दोन पायांवर उभा या युरोपीय वर्णनपद्धतीत दोन वेगळ्या ठेवणी आहेत.

वाचनालय कार्यकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ताई, एक शंका उरली आहे. वर्णन कोणत्या क्रमाने लिहावे? मी आधी शरभ लिहिले, मग ब्रीद, मग ढाल, आणि वाचताना चित्र डोळ्यांपुढे येईना.

उत्तर ५ : ताम्रपट

क्रमाचा नियम सोपा आहे आणि तो कटाक्षाने पाळावा. आधी पार्श्वभूमीचा रंग, मग तिच्यावरचे मुख्य चिन्ह आणि त्याचा रंग, मग लहान चिन्हे. ढाल पूर्ण झाल्यावर तुरा, बाजूचे प्राणी आणि सर्वांत शेवटी ब्रीद. ज्याने चिन्ह कधीच पाहिलेले नाही अशा चित्रकाराला नुसते ऐकून ते काढता आले पाहिजे, ही त्या वर्णनाची कसोटी. रंगांबाबत युरोपात एक कडक नियम होता. सोनेरी म्हणजे पिवळा आणि रुपेरी म्हणजे पांढरा हे दोन ‘धातू’ मानत, तर तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू नको आणि रंगावर रंग नको, म्हणजे रणांगणात दुरूनही चिन्ह उठून दिसते. कर्नाटकाच्या राजचिन्हात लाल ढालीवर पांढरा गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी, आहे, तो या नियमात नेमका बसतो.

ढालीवर चिन्ह ही मांडणी आपल्या संस्थानांत बऱ्याच उशिरा रुळली. १८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना त्यांच्या त्यांच्या चिन्हांची निशाणे देण्यात आली आणि ती चिन्हे रॉबर्ट टेलर या बंगालच्या मुलकी सेवेतील अधिकाऱ्याने आखली होती. त्याआधी आपल्याकडे मुद्रा होती, निशाण होते, अब्दागिरी आणि मोर्चेल होते, पण हे सगळे एका ढालीभोवती गोळा केलेले नव्हते. जवळच्या मुधोळ संस्थानाच्या निशाणाला ‘बावटा’ म्हणत. त्यावर पांढरा, काळा आणि हिरवा असे तीन आडवे पट्टे असत आणि काठीच्या टोकाला पंजा असे. कन्नडमध्येही ध्वजाला ‘बावुट’ म्हणतात. ‘लांछन’ दोन भाषांत दोन दिशांना गेले, बावटा मात्र दोन्हीकडे बावटाच राहिला. एका फलकावर हे दोन शब्द शेजारी, दोन्ही लिप्यांत लिहावेत अशी माझी विनंती आहे.

वाचनालय कार्यकर्ता

तसा फलक नक्की करतो. कन्नड अक्षरे शेजारच्या शाळेतील बाई काढून देणार आहेत. आज पहिल्या फलकाचा मजकूर बदलला तो असा :

“कर्नाटकाचे राजचिन्ह. लाल ढाल, तिच्यावर पांढरा गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी. तुऱ्याच्या जागी सारनाथचे सिंह. ढाल सावरणारे दोन शरभ, मागच्या पायांवर उभे. अंग सिंहाचे, मुख हत्तीचे. खाली देवनागरीत ब्रीद : सत्यमेव जयते. अशा चिन्हाला कन्नडमध्ये ‘लांछन’ म्हणतात. लांछन म्हणजे खूण. आपल्या हलशीच्या कदंबांचे लांछन सिंह होते.”

संध्याकाळी वाचनालयात चित्र झाकून ठेवले आणि हा मजकूर सहावीतल्या एका मुलीला वाचून दाखवून तिला चित्र काढायला सांगितले. तिने पक्ष्याला दोन डोकी काढली, शरभांना सोंडा काढल्या आणि ढाल लाल रंगवली. फक्त सारनाथचे सिंह तिने ढालीच्या आत बसवले. म्हणून ‘तुऱ्याच्या जागी’ याऐवजी आता ‘ढालीच्या माथ्यावर, तुऱ्याच्या जागी’ असे लिहिले आहे.